बोनटवरची नक्षी

त्या रंगाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. भोपाळला आमच्या कारखान्याच्या कॉलनीत तो यांची जुनी फियाट रंगवायला आला होता. बोनटवर जाळीचं कापड ताणायचं, वरून रंग फवारायचा आणि कापड उचललं की नक्षी उरते, असं त्याचं काम. यांनी त्याला खिडकीचा पडदा दिला. त्याने तो उन्हात धरला, एक डोळा मिटला, नाक मुरडलं आणि कपडे वाळत घातले होते त्या दोरीकडे गेला.

मी चहा घेऊन आले, तर बोनटवर माझा लेसचा परकर ताणलेला, रंगाने निळाशार झालेला.

"अरे भैया, ये तो मेरा पेटीकोट है!"

"धीरे बोलो, भाभीजी. बोनट को थोड़े पता है."

प्रश्न बोनटचा नव्हता, सासूबाईंचा होता. त्या मला माझे परकर साडीखाली झाकून वाळत घालायला लावत. त्यांना कळलं असतं तर माझी रवानगी माहेरी, नागपूरला झाली असती.

दुसऱ्याच दिवशी दसरा. सासूबाईंनी गाडीला हार घातला आणि त्या नक्षीवर डोकं टेकवायला वाकल्या. रंगारी मिठाईसाठी आला होता. त्याने गंभीरपणे हात जोडले.

"माँजी, दूर से प्रणाम करो. रंग अभी कच्चा है."