राईत न मारलेली हाक

खरं सांगायचं तर गावची देवी वाघजाई खरंच आहे की नाही, याची मला तेव्हा शंकाच होती. माझं माहेर रत्नागिरीत बंदराजवळ, शाळा पाचवीपर्यंत, आणि लग्न होऊन आले ती डोंगरातल्या गावात. गावात वीज नुकती आली होती, पण तिच्या देवळामागच्या राईचे नियम जुनेच. तिथली काटकी मोडायची नाही, चपला बाहेर काढायच्या, आणि आत शिरल्यावर कुणाला नावानं हाक मारायची नाही. का? तर तसंच असतं. मी सारखी विचारत राहायचे, म्हणून माझी नणंद म्हणायची, "वयनी, तू तलाठी हायस काय गो, एवढी चौकशी करतेस ती?"

श्रावणात चार दिवस कोसळून पाऊस उघडला, तेव्हा तीच म्हणाली, चल, तुला राईतले धबधबे दाखवते. आमचे हे मुंबईस. माझा दिनू तीन वर्षांचा, त्याला हाताशी धरून निघालो. वाट जेमतेम पाऊण मैल, पण मी दर पावलाला थांबत होते. झाडांवरून पाणी अजून टपटपत होतं, मुळांवर शेवाळ, एका वेलीचा दांडा तर माझ्या मांडीएवढा! पुढं दोन धबधबे एकमेकांना लागून पडत होते आणि खाली कोंड, म्हणजे डोहच, काठोकाठ भरलेला. कातळाच्या भेगेत एक तांबडा खेकडा शिरला. तो कुठं निघतो ते बघायला मी वाकले आणि दिनूचा हात सोडला. किती वेळ, देव जाणे. वळले तर पोर नाही.

"दि" एवढंच तोंडातून निघालं, तोच नणंदेनं माझं तोंड दाबलं. "नाव नको घेऊस गो! राईत नाव नको!" माझं पोर पाण्यात गेलं असेल नि तुला नियम सुचतोय, असं मला म्हणायचं होतं, पण तिच्या बोटांआड नुसतं ऊं ऊं झालं. तिच्याही डोळ्यांतून पाणी चाललेलं. मग काहीच सुचेना, हात जोडले. आई, मला काय कळत नाही, पोर तुझं, तूच बघ.

डोळे उघडले तर कोंडापलीकडं घोंगडीची खोळ घेतलेला एक म्हातारा गवळी उभा. एक तळवा आमच्याकडं करून थांबा म्हणत होता, नि दुसऱ्या हातानं खाली दाखवत होता. बघितलं, तर आमच्यापासून चार हातांवर, झाडाच्या मुळाआड, शेवाळलेल्या दगडावर दिनू उकिडवा बसलेला, आमच्याकडं पाठ करून. पुढं नुसतं पाणी. मी हाक मारली की तो असेल तसा उठून धावत सुटतो. तिथं उठला असता तर? मला जवळ येताना बघूनही उठलाच असता, म्हणून मी जागची हलले नाही. म्हातारा वळसा घालून मागून हळूच आला नि त्यानं पोराला बगलेत धरून उचललं. दिनू रडलासुद्धा नाही. "आये, मासा!" म्हणाला.

मी म्हाताऱ्याच्या पाया पडले, नि तरी विचारलंच, "बाबा, तुम्ही वरडला का नाय?"

"राईत कोण वरडतो, बाय?" असं हसून म्हणत तो आपल्या म्हशींमागं गेला.

हा नियम कुणी केला, देवीनं की पोर सांभाळणाऱ्या कुणा बाईनं, ते मला अजून कळलेलं नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "दोघी काय वेगळ्या आसतात?" गावात सगळे म्हणतात, देवीनं तुझं ऐकलं. मला वाटतं, त्या घटकेला तिनं मला बोलूच दिलं नाही. दर श्रावणात तिची ओटी भरायला जाते. मागणं काही सुचत नाही, मग गप उभी राहते.