तक्रारीतला एक शब्द

महिन्यापूर्वी एका रविवारी दुपारी मी पोलिसांना फोन केला... आणि तासाभरात स्वतःच चौकीत जाऊन बसले होते.

संभाजीनगरला आमच्या सोसायटीमागे एक बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. कॉलेजातली चार पोरं ती भाड्यानं घेऊन तिथं मेटल नावाचं दणदणाटी रॉक संगीत वाजवतात. काळे टी-शर्ट, त्यावर कवट्या, मुलांचे केस खांद्यापर्यंत, ड्रम वाजवणाऱ्या सायलीचं डोकं एका बाजूनं भादरलेलं... आणि गाणं म्हणजे नुसत्या डरकाळ्या.

सोसायटीच्या ग्रुपवर आधी आवाजाची कुरकुर सुरू झाली. मग कुणीतरी लिहिलं, 'तिथं नशा चालते.' मी सेक्रेटरी, म्हणून फोन मी केला, लेखी तक्रारही मीच दिली. 'नशा' हा शब्द माझ्याच अक्षरात होता.

चौघांना आणलं. साहेबांनी पहिल्यांदा केसांवरून झापलं. मग बॅगा उलट्या केल्या... ड्रमच्या काड्या, वायरी, मेथीच्या पराठ्यांचा डबा.

मग हवालदार म्हणाले, "बाह्या वर करा." सुईच्या खुणा शोधायच्या होत्या. सायलीचे हात महिला कॉन्स्टेबलनं तपासले, पण सगळ्यांसमोरच. तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत होती.

काहीच सापडलं नाही. साहेब माझ्याकडे वळले, "मॅडम, यांना नशा करताना तुम्ही स्वतः कधी पाहिलं?"

"ग्रुपवर आलं होतं," मी म्हणाले. बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. तीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या... आणि इथं एका मेसेजवर स्वतःची सही ठोकून मोकळी झाले होते.

तेवढ्यात सायलीचे वडील लासूर स्टेशनहून आले. त्यांची तिथं कांद्याची अडत आहे. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी हात जोडले. "चुकलं साहेब पोरीचं. आजपासून बंद. माफी द्या."

पोरीनं काय केलं हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं...

मी उठले. "भाऊ, तिचं काही चुकलं नाही. तक्रार माझी होती, ऐकीव गोष्टीवर केलेली." मग साहेबांना म्हणाले, "आवाजाचा त्रास आहे, एवढंच खरं. बाकीचं मी पाहिलेलं नाही, तसं लिहून घ्या." त्यांनी कागद पुढं सरकवला. मी लिहून दिलं. पोरांना सोडलं.

बाहेर पायऱ्यांवर मी सायलीची माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "माझं जाऊ द्या काकू... पप्पांना असे हात जोडताना मी पहिल्यांदा बघितलं."



घरी येऊन ग्रुपवर सगळं खरं खरं लिहिलं. दोन अंगठे आले, बाकी शांतता. पोरांनी मात्र गिरणीच्या खिडक्यांना गाद्या लावल्या, वेळ चार ते सहा ठरवून घेतली.

काल सायलीचे वडील गिरणीच्या ओट्यावर बसलेले दिसले. आत डरकाळ्या चालूच होत्या. मला बघून त्यांनी जरा सरकून जागा केली. "कळत तर काहीच नाय ताई," ते म्हणाले, "पण लई मेहनत करती पोरगी."

मलाही कळत नाही. पण त्या माणसाला न कळताही तिथं ऐकत बसता आलं... आणि मला फोन करण्याआधी चार पावलं चालून दार वाजवणंसुद्धा सुचलं नव्हतं.