हौसामावशीचे सोडे आणि मक्याची पिशवी

हौसामावशीला आता रस्त्यावर पाटी घेऊन बसायचं नव्हतं, तिचं मागणं एवढंच होतं. खाडीकाठच्या गावातून सकाळची एसटी धरून पनवेलच्या बाजारात यायचं, गोणपाटावर सुकी मासळी मांडायची आणि उठताना गुडघ्यांना शिव्या घालायच्या, हे तिनं जन्मभर केलं. मी लग्न होऊन नवीन पनवेलला आले तेव्हापासून सोडे तिच्याकडूनच घेते. सोडे म्हणजे सोलून कडक वाळवलेली कोलंबी. तिचे सोडे मुठीत हलवले की खडखड वाजायचे.

यंदा मुबारकभाईंच्या किराणा दुकानात तिला फळीवर जागा मिळाली. बंद पाकिटं ठेवायची, संपली की नवी आणून द्यायची. बसायला नको. मुबारकभाईंची अट एकच होती. "मावशी, साधं प्लास्टिक नको. तपासणीला माणसं येतात. ती मातीत कुजणारी पिशवी आणा."

मावशीनं आणली. हिरवट, मऊ, मक्यापासून केलेली. पाकिटं चिकटवायचं मशीन माझ्याकडे होतं, मसाल्यासाठी घेतलेलं. ती नेमकी सोमवारी आली. मी मागच्या गॅलरीत पाट मांडला, तशी हसली.

"देवापासून लांब बसवलंस व्हय? तुज्या शंकराला वास येतो?"

"त्याला नाही गं, मला येतो. उपास असतो आणि तोंडाला पाणी सुटतं."

आठवडा गेला नाही तोच मुबारकभाईंनी पाकिटं परत दिली. सोडे वातड, ओलसर, वर कुबट वास.

"गिऱ्हाईक तोंडावर टाकून गेलं, मावशी. अजून एकदा बघतो. परत असं झालं तर फळी दुसऱ्याला द्यावी लागेल. राग मानू नका."

मावशीनं राग मानला, पण सुनेवर. "प्रांजलनं नीट वालवले नाय!"

प्रांजल शेजारीच उभी होती. "आई, पलटत तुमीच होता. मी नुसते कावले हाकलले."

मग माझं मशीन फुसकं ठरलं. मी एका पाकिटात पाणी भरून ते चिकटवलं आणि नळाला टांगलं. दुपारभर एक थेंब गळला नाही. भोक नाही, तर ओल आली कुठून? आम्ही दोघी पिशवीवाल्याकडे गेलो.

"पिशवीत दोष नाही," तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला. "पाणी अडवते. पण हवेतला दमटपणा हळूहळू आत शिरतो, त्याला भोक लागत नाही. मक्याचं पीठ ओल धरतं ना? तसंच हे."

"मग आदी का नाय बोललास?"

"तुम्ही विचारलंत का? लोक भाजी न्यायला घेतात."

"भाजी! आमी काय मेथी वालवतो?"

उरलेले सोडे तव्यावर शेकून पुन्हा पाकिटं भरली, या वेळी पिशवीत पिशवी घालून. दोन-तीन दिवसांनी मावशी आली तेव्हा तिच्याबरोबर मी दुकानात डोकावले. फळीवर मावशीचं खोकं, आणि खोक्याच्या तळाला पाकिटांखाली चक्क खडे मीठ.

"आयनं शिकवलंय," मावशी म्हणाली. "तलाला मीठ, वर सोडे. कीड लागत नाय."

पण तिच्या आईचा डबा पत्र्याचा होता, झाकण घट्ट, मीठ भाजून कोरडं केलेलं. इथं उघड्या खोक्यात मिठाला पाणी सुटलेलं, आणि पाकिटं त्यातच बसलेली. मी ते मीठ वाटीत घरी आणलं. प्रसादाचे कुरमुरे थोडे हिरव्या पिशवीत, थोडे दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशवीत चिकटवले आणि दोन्ही पुड्या त्या ओल्या मिठात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून फोडल्या. दुधाच्या पिशवीतले कुरकुरीत. हिरव्यातले दाताखाली कापडासारखे.

मावशीनं मीठ काढलं. चिडली होती, तरी फेकलं नाही. मीठ फेकत नाहीत, म्हणून पदरात बांधून नेलं. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! मिठाशिवायही सोडे मऊ पडले, फक्त जरा उशिरा. खाडीची हवा कुठं जाणार? त्या संध्याकाळी दिवा लावताना देवाकडे काय मागावं तेच कळेना. पनवेलात कोरडी हवा दे, असं कसं म्हणायचं?

"येवढं करून परत गोणपाट," मावशी एवढंच म्हणाली.

शेवटी तिनं काचेची मोठी बरणी उचलली, घट्ट झाकणाची, आणि दुकानात नेऊन ठेवली. "सोडे ह्यात राहतील. गिऱ्हाईक आला का पिशवीत घालून दे. घरी जाऊन डब्यात भरील तो."

मुबारकभाईंनी कपाळाला हात लावला. "आणि वजन कोण करणार? सोड्याच्या हातानं साखर देऊ? तौबा! तुम्हीच बसा इथं. स्टूल देतो."

झालं. फळीवर आता बिस्किटं आहेत. मावशी दुकानाच्या दारात स्टुलावर बसते, बरणी शेजारी. सकाळची एसटी काही तिला सुटलेली नाही.

परवा गेले तर तिनं मूठभर सोडे माझ्या कानाशी हलवले. खडखड.

"सावलीत बसतेस, तेवढं तरी झालं," मी म्हटलं.

"बसलेच ना शेवटी!" गुडघा चोळत ती म्हणाली. मग हिरवी पिशवी घेऊन तिची कड बोटांनी चोळत राहिली. पिशवी काही उघडेना.

"बग बाय, मना तोंड उघडत नाय," ती करवादली. "वाफंला मातुर बिनबोभाट आत घेते, मेली!"