बांनी डोली सोडली

समोर आलेल्या ताटावर उजवा पंजा आडवा धरायचा आणि म्हणायचं, "हे सोडलं." बांचं अर्धं बोलणं एवढ्यात उरकायचं. वाढणारी सून पळी हातात धरून तशीच उभी राही आणि बा पुढचा घास खुशाल घेत.

चाकणच्या बाजारपेठेत आमच्या घरासमोर त्यांच्या मुलाचं किराणा दुकान होतं. मुलाला गाव शेठ म्हणे आणि त्यांना बा, म्हणजे गुजरातीत आई. लग्न होऊन गुजरातेतून आल्या त्या थेट कांद्याच्या गावात. दारासमोरून दिवसभर कांद्याच्या गाड्या जात, आणि घरात मात्र जैन रीतीप्रमाणे कांद्याचं नाव नाही. "वास फुकट मिळतो, मग खायचा कशाला?" असं त्या म्हणत.

स्वातंत्र्य नवं होतं आणि मीही नवाच होतो. देव, दैव आणि सावकार यांच्याविरुद्ध पत्रकं छापून आठवडी बाजारात वाटत असे. बा माझं पत्रक न चुकता घेत, चष्मा पुसून वाचत आणि त्यावर पापड वाळत घालत. मला त्या 'पत्रकवाल्या' म्हणायच्या.

बांना पालिताण्याला, जैनांच्या डोंगरावरच्या तीर्थाला, जायचं होतं. गुडघे चालताहेत तोवर तो डोंगर चढून वरच्या आदिनाथांचं, म्हणजे त्यांच्या 'दादां'चं, दर्शन घ्यायचं होतं. शेठ म्हणे, "दिवाळी होऊ दे, बा." दिवाळीनंतर लग्नसराई, लग्नसराईनंतर हिशेब. मग आषाढ लागे, आणि चातुर्मासात त्या डोंगराची यात्रा बंद.

पहिल्या नकाराला बांनी तूप सोडलं. दादांचं दर्शन होईपर्यंत तुपाची बाधा, म्हणजे न खाण्याचा नेम. पुढच्या नकाराला साखर गेली. तिसऱ्याला तूरडाळ. तुम्हीही अशी हट्टी माणसं पाहिली असतील. पण ती आरडाओरडा करतात. बा नुसता पंजा आडवा धरत. मी संपावर इतकं लिहिलं होतं, पण इतका शिस्तीचा संप पाहिला नव्हता.

त्यात शेठ नेमकं हेच सगळं विकत होता. बांनी काय काय सोडलं हे पेठेत पसरलं, का सोडलं ते मात्र वाटेतच गळलं. एका बाजारी मेदनकरवाडीच्या एका म्हातारीनं दुकानासमोर उभं राहून मोठ्यानं विचारलं, "ह्याची आयच ह्याचं तूप खात न्हाई, मंग आमी का खावं?"

"व्हय की," दुसरी म्हणाली. "डाळीला बी हात लावत न्हाई म्हनं. काय मिसळतो कुनाला ठावं!"

शेठ घरात धावला. "बा, तुझ्या पाया पडतो. चार लोकांदेखत साखरेचा एक दाणा तरी तोंडात टाक."

"सोडलं म्हणजे सोडलं. दादांना भेटल्यावर खाईन."

त्याच संध्याकाळी यात्रा ठरली. कार्तिकी पौर्णिमेला डोंगर उघडतो, तेव्हाची.

रेल्वेचं वेळापत्रक वाचता येणारा म्हणून मला बोलावणं आलं. मी स्पष्ट सांगितलं की माझा तीर्थयात्रेवर विश्वास नाही.

"रेल्वेवर आहे ना? मग बस," बा म्हणाल्या.

तळेगावहून मुंबई, तिथून अहमदाबाद, पुढे शिहोर, पालिताणा. सोपं वाटलं. पण बा दिवस मावळल्यावर पाणीही घेत नसत. त्यामुळे गाडी कुठे पोचते यापेक्षा सूर्य कुठे मावळतो हे आधी बघावं लागलं.

"आणि गाडी उशिरा आली तर?" मी विचारलं.

"तर उपास. त्याला तिकीट लागत नाही."

तळेगाव स्टेशनपर्यंत चाचांची मोटार ठरली. चाचा पेठेतले मेकॅनिक. एरवी त्या मोटारीतून कांद्याची पोती जात. त्यांनी ती आतून बाहेरून धुतली, अत्तर शिंपडलं. बांनी आत डोकं घालून हुंगलं. "चाचा, आता अत्तर लावलेला कांदा वाटतो."

"माँजी, इससे ज्यादा तो मैं भी नहीं नहाता," चाचा म्हणाले.

सगळं जमलं होतं. तेवढ्यात शेठ म्हणाला, "वर जायला डोली करू." मी पेटलो. माणसाच्या खांद्यावर माणूस? स्वराज्य कशासाठी मिळवलं?

बांनी शांतपणे विचारलं, "हे तुझ्या पत्रकात छापलंय?"

"छापलंय."

पंजा आडवा झाला. "डोली सोडली."

पोत्यात सापडलेल्या उंदराकडे पाहावं तसं शेठनं माझ्याकडे पाहिलं. धर्मानं मारता येत नव्हतं, म्हणून नुसतं पाहिलं. "आता तूही चल," तो म्हणाला. "बांच्या गुडघ्यांना काही झालं तर तूच जबाबदार."

पालिताण्याला पहाटे पायथ्याशी मी वर जाणाऱ्या पायऱ्या मोजायला लागलो आणि मधेच सोडून दिलं. बा काठी टेकत निघाल्या. पहिल्याच चढावर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"बा, ते पत्रक तरुणांसाठी होतं हो," मी गयावया केली. "बसा डोलीत."

"तसं छापलं नव्हतंस."

अर्ध्या वाटेवर शेठच मटकन बसला. जन्मभर गादीवर बसलेला माणूस तो. त्यानं हात करून डोली बोलावली. "मी कुठे सोडली आहे?" असं म्हणत आत शिरला. मी तोंड उघडणार, तोच बांनी माझ्या पायावर काठी टोचली. "बसू दे त्याला. ज्याचं त्यानं सोडायचं असतं."

माझी मतं आजही तीच आहेत. पण हे वाक्य कुठल्या पत्रकात घालावं ते मला अजून सुचलेलं नाही.

शेठ डुलत पुढे गेला. आम्ही मागून दहा पायऱ्या, मग थांबा, असं करत ऊन डोक्यावर येईतो वर पोचलो. देवळाच्या दाराशी त्यांनी मला विचारलं, "तू आत येणार नाहीस ना?"

"नाही."

"बरोबर. तुझं ते सोडलेलं." त्यात टोमणा नव्हता.

बा आता नाहीत. पेठेत त्यांची आठवण निघाली की लोक तुपाची गोष्ट सांगून हसतात, मीही हसतो. पण मला दिसतं ते देवळाचं दार. बांनी काठी माझ्या हातात दिली, पदर डोक्यावर नीट केला आणि त्या यात्रेकरूंच्या गर्दीत कुणाचाही आधार न घेता आत चालत गेल्या.