बिल्ला द्या, रीमर न्या

किंचाळणारा रीमर एकदा ऐकला की माणूस तो आवाज विसरत नाही.

काल तारेजी गेले. बातमी कळल्यापासून माझ्या कानात तोच आवाज आहे.
किर्रर्र...
पाटीवर पेन्सिल उलटी ओढल्यासारखा.

ग्रुपवरच्या तरुण मंडळींसाठी सांगतो. ड्रिलने लोखंडात भोक पडतं, पण ते ओबडधोबड असतं. मग त्यातून रीमर फिरवायचा. तो केसाएवढं लोखंड काढतो आणि भोक गुळगुळीत, अगदी मापाचं करतो.
कवितेवरून कवीने फिरवलेला शेवटचा हातच म्हणा ना.

तारेजी आमच्या मिलच्या टूलरूमचे स्टोअरकीपर. जाळीच्या खिडकीमागे बसायचे.

आम्हा प्रत्येकाकडे नंबर ठोकलेला एक पितळी बिल्ला असायचा. बिल्ला खिडकीत ठेवा, हत्यार घ्या. हत्यार परत करा, बिल्ला घ्या.
बिल्ला नाही तर हत्यार नाही. खुद्द मॅनेजर आला तरी नाही.

मी आपला शाळेतल्या कविता पुटपुटत खिडकीशी जायचो.

"कविराज, कविता पाठ आहेत. बिल्ला कुठंय?"
"घरी राहिला, तारेजी."
"तो फिर घर जाओ, भिया."

रीमर परत केला की ते त्याच्या धारेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. "उलटा फिरवला का?"

रीमर ज्या बाजूने फिरत आत जातो, त्याच बाजूने फिरवत बाहेर काढायचा असतो. उलटा फिरवला की धार मेली. मी कधीच फिरवला नव्हता. तरी ते नख फिरत असायचं तोवर मी खिडकीशी खिळून उभा.

मग मिल बंद झाली.

गेटला कुलूप दिसलं तेव्हा बिल्ला माझ्या खिशातच होता. आता तो द्यायचा कोणाला? घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून टाकला.

मिलमधलाच माझा जोडीदार बंडू आणि मी, दोघांनी सांवेर रोडच्या कारखान्यांच्या भागात एक शेड भाड्याने घेतली. जुनी ड्रिल मशीन बसवली. पेपरात रोज वाचायचो, बाजार खुला झाला, नवे कारखाने येतायत. आमच्या शेडमध्ये फक्त माश्या येत होत्या.

शेवटी पीथमपूरच्या एका कंपनीने ट्रायल दिली. काही लिव्हर होते, त्यांची भोकं रीमरने मापाला आणायची. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा इन्स्पेक्टर स्वतः येऊन गेज लावून बघणार.

पास झालं तर कायमचं काम.
नाही झालं तर शेड बंद, आणि मी देपालपूरला, मामेसासऱ्यांच्या धान्याच्या आडतीवर.

बायकोने माळ्यावरची ट्रंक खाली काढून पुसून ठेवली होती.

पहिला लिव्हर लावला.
किर्रर्र!

बंडूने धावत येऊन मशीन बंद केली. भोक आतून सगळं रेघारेघांचं.

कंपनीने त्या भोकात चावीची, म्हणजे शाफ्ट जखडणारी पट्टी बसायची, खाच आधीच पाडून पाठवली होती. आमचे रीमर सरळ दातांचे. एकेक दात त्या खाचेत पडत होता, धडकत होता, ओरडत होता. इथे पिळाच्या दातांचा स्पायरल रीमर हवा. त्याचे दात तिरपे, म्हणून खाचेवरून अलगद सरकत जातात.

बंडू हत्यारांचा बाजार, सगळा सियागंज, पालथा घालून आला.
"काय म्हणतात?"
"म्हणतात, बंबई से मँगाना पड़ेगा. हफ्ता लगेगा."
"आणि इन्स्पेक्टर उद्या."
"अरे यार, ते मला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मशीनसमोर नुसतेच बसून होतो. मन शांत करायला मी चौथीतली एक कविता म्हणायला घेतली. दुसरं कडवंच आठवेना.
असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात दारात सावली पडली.

"आला रे," बंडू पुटपुटला. "इतक्या लवकर?"

मी मान वर केली. इन्स्पेक्टर नव्हता.

तारेजी होते.

मिल बंद झाल्यापासून ते कोणालाच दिसले नव्हते. खिडकीच्या जाळीशिवाय तर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. वाटलं होतं त्यापेक्षा बुटके निघाले.

"सगळ्या सियागंजात तुमचा हा बंडू रीमर रीमर करत फिरला म्हणे." त्यांनी पिशवीतून तेलकट कागदाची गुंडाळी काढली. "मिलचं भंगार किलोवर जात होतं. मला बघवेना. हा मी कबाड्याकडून विकत घेतला."

स्पायरल. आमच्याच मापाचा.

मी हात पुढे केला. त्यांनी रीमर मागे घेतला.

"भोक आरपार आहे ना?"
"हो."
"मग चालेल. हा डाव्या पिळाचा. लोखंडाचा बुरादा पुढे ढकलतो. बंद भोकात घालू नका."
"नाही घालणार."

तरी रीमर त्यांच्याच हातात.

"बिल्ला?"

बंडूला राहवेना. "तारेजी, मिल बंद झाली हो!"
"म्हणून काय हत्यार असंच देऊ?"

मी खिशातून किल्ल्यांचं जुडगं काढलं. कडी लवकर उघडेना. कसाबसा बिल्ला सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी नंबर नीट वाचला, बिल्ला खिशात टाकला आणि दाराशीच एका खोक्यावर बसले.

"चालवा. मी ऐकतो."

बंडूने तेल सोडलं. मी हँडल खाली ओढलं.

रीमर आत गेला.
काहीच आवाज आला नाही.

तारेजींनी डोळे मिटून घेतले होते.

तारेजी, ती शेड अजून चालू आहे.
तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.