मावससासूबाई आणि कमरेचा कायदा

जगात जे जे म्हणून हलतं त्याला काही ना काही नियम असलाच पाहिजे, असं छातीठोकपणे सांगणारी माझ्या माहितीतली एकच व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे माझ्या मावससासूबाई. माझ्या बायकोची ही मावशी लग्न होऊन स्टुटगार्टला आली तेव्हा मी चड्डीत शाळेला जात होतो. जर्मन लोकांनी नियम केले खरे, पण ते मनापासून पाळणारं कुणी यावं म्हणून ते जणू मावससासूबाईंचीच वाट बघत होते. रस्ता दोन्हीकडे औषधालाही गाडी नसण्याइतका रिकामा असला तरी लाल दिव्याला त्या उभ्या राहतात, आणि शेजारच्या जर्मन माणसाने पाऊल पुढे टाकलंच तर "लहान मुलं बघताहेत" असं त्याला त्याच्याच भाषेत सुनावतात. आसपास एकही मूल नसलं तरी सुनावतात. रविवारी आवाज करायचा नाही हा इथला नियम, म्हणून शनिवारी संध्याकाळी न चुकता आमच्याकडे फोन येतो, "चटणी वाटून ठेवलीत ना?" आमचं घर शेजारच्या झिंडेलफिंगेन गावात, त्यांचं स्टुटगार्टच्या टेकडीवर. आमच्या मिक्सरचा आवाज तिथे कसा पोचणार, हे विचारायची माझी हिंमत अजून झालेली नाही.

त्यांच्या इमारतीत आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा असतो. पाळी आली की दारावर पाटी लागते. मावससासूबाई पाटी नसतानाही झाडतात, कारण दुसऱ्यांनी झाडलेलं त्यांना झाडलेलं वाटत नाही. एका दिवाळीत त्यांनी दारासमोर रांगोळी काढली, तर वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येऊन म्हणाल्या, जिना आत्ताच झाडलाय आणि तुम्ही त्यावर पांढरी पूड सांडलीय. दुसरी कुणी असती तर भांडली असती, नाहीतर पुढच्या वर्षी मुकाट्याने रांगोळीचा स्टिकर चिकटवून मोकळी झाली असती. यांनी तो विषय इमारतीच्या सभेत मांडला आणि ठराव करून घेतला: दिवाळीत रांगोळी काढावी, पायपुसण्यापेक्षा मोठी नसावी, काढेल त्यानेच पुसावी. पुढच्या दिवाळीला त्या वरच्या बाईच विचारायला आल्या, "आज रांगोळी यायला हवी होती ना, अजून का नाही काढली?" मला ही हकिकत सांगून मावससासूबाई म्हणाल्या, "नियम नसला ना जावईबापू, की शेजारणीच्या मूडवर जगावं लागतं." हे वाक्य मी ऑफिसात अनेकदा आपलं म्हणून खपवलं आहे.

आता एवढ्यावरून त्यांना कुणी सोवळ्यातली बाई समजू नये. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीत काढली. "अर्धं स्टुटगार्ट मी पोहायच्या कपड्यांत पाहिलंय, कपड्यांचं मला कुणी सांगू नका," असं त्या इथल्या मराठी मंडळाच्या भर पंगतीत म्हणतात, आणि भारतातून नुकतेच आलेले विद्यार्थी वरणात तोंड लपवतात.

म्हणूनच तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात जे झालं त्याने आम्ही चकित झालो. आमची लेक इरा तेव्हा पंधरा वर्षांची, शाळेच्या चीअरलीडिंगच्या गटात. शाळेच्या उन्हाळी जत्रेत त्यांचा नाच होता आणि मावससासूबाई चिवड्याचा डबा घेऊन पहिल्या रांगेत. मनोरे झाले, उड्या झाल्या, यांनी टाळ्या वाजवून हात लाल केले. मग एक ठेका आला, मुली पाठमोऱ्या झाल्या, कमरेची एक लचक सुरू झाली, आणि मागच्या बाकावरून शिट्टी ऐकू आली. मावससासूबाई वळल्या. दोन बाप्ये मोबाईल उंच धरून चित्रण करत होते आणि त्यांच्यापैकी कुणाचीही मुलगी त्या गटात नव्हती. मावससासूबाई उठल्या, शांतपणे मागे गेल्या आणि त्या दोघांच्या मोबाईलसमोर छत्री उघडून उभ्या राहिल्या. लख्ख ऊन होतं. नाच संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत, आणि नाच संपेपर्यंत सगळी शाळा नाचाऐवजी छत्रीकडे बघत होती.

घरी येऊन इरा रडली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. रागात तर हमखास. "दास इस्ट श्पोर्ट, ओमा," ती म्हणाली. म्हणजे, खेळ आहे तो, आजी.

"खेळ आहे ना? मग त्याला नियम हवाच," ओमा म्हणाल्या. "फुटबॉलला आहे, पोहायला आहे. शाळा राज्याच्या अखत्यारीत, म्हणजे राज्याने कायदा करायला हवा. मी आमदारबाईंना भेटते."

"तू जाणार असशील तर मी तुझ्या घरी पुन्हा येणार नाही," इरा म्हणाली, आणि तिने ते पाळलं. लहानपणापासून दर शुक्रवारी शाळेतून थेट ओमाकडे थालीपीठ खायला जाणारी पोरगी जायची थांबली. मावससासूबाई मात्र दर शुक्रवारी पीठ भिजवतच राहिल्या आणि ती थालीपीठं शनिवारी मी खात राहिलो. त्यांना मूलबाळ नाही. इरा तुटली तर त्यांचं काय तुटेल हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, त्यांना तर सगळ्यात जास्त. तरी त्या मागे हटल्या नाहीत, आणि मला त्यांचा राग येण्याऐवजी कौतुकच वाटत राहिलं.

त्यांची कामाची एक पद्धत आहे. ज्याची तक्रार करायची ते आधी आपल्याला करता आलं पाहिजे. त्यामुळे सत्तरी उलटलेली ही बाई आठवडाभर माझ्या लॅपटॉपवर तो नाच बघून, कपाटाला धरून ती लचक घोटवत होती. "डावीकडे जास्त की उजवीकडे?" असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मी चहा करायला आत गेलो.

भेटीला मीच त्यांना गाडीने घेऊन गेलो. आमदारबाई भल्या होत्या. नेमकी कुठली हालचाल आक्षेपार्ह वाटते, असं त्यांनी साधेपणाने विचारलं. मावससासूबाईंनी पर्स माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि करून दाखवायला लागल्या. पहिला ठेका अगदी बिनचूक आला. पण मंडळाच्या मंगळागौरीत इतकी वर्षं त्याच पुढे असतात. दुसऱ्या ठेक्याला ती कंबर आपल्या ओळखीच्या वाटेने थेट पिंग्यावर गेली आणि तिथून काही केल्या परत येईना. आमदारबाईंनी टाळ्या वाजवल्या. "सुंदर. हे काय आहे?" मावससासूबाई खुलल्या. श्रावण, नव्या नवऱ्या, सासूची टवाळी करणारी गाणी, सगळं त्यांनी दम लागलेला असतानाही सांगितलं.

"मग हेही कायद्यात घालायचं का?" आमदारबाईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"छे. तिथं आम्ही बायकाच असतो. आणि जिला नको ती बसून गाणं म्हणते. तिला कुणी ओढत नाही."

"शाळेतल्या मुलींना कुणी ओढतं का?"

मावससासूबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "माहीत नाही." मी त्यांचा जावई झाल्यापासून हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. चित्रण करणाऱ्या परक्यांबद्दल शाळेशी बोलते, असं आमदारबाईंनी कबूल केलं. पण कंबर किती हलावी हे विधानसभेत कसं ठरवणार, असंही त्या म्हणाल्या. "जावईबापू," परतीच्या वाटेवर गाडीत मावससासूबाई म्हणाल्या, "शिट्टी मारणारे दिसले, आमदार दिसली. पोरीला विचारायचंच राहिलं. आत्ताच तुमच्या घरी चला."

इराच्या खोलीच्या दारात त्या उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत. "तुला ती स्टेप आवडते का गं?" एवढंच विचारलं.

इरा चक्क मराठीत, शब्द शोधत शोधत म्हणाली, "मला नको होती ती. आणखी तिघींना पण नको होती. आम्ही सांगणार होतो. पण तू छत्री उघडलीस, ओमा. मग सगळे हसले, आणि मला म्हणावं लागलं की मला ती हवीच आहे."

मावससासूबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. "आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही नको करूस. आम्ही बघतो."

काही न करणं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम असावं, पण त्यांनी ते केलं. मुलींनी आपापसात बोलून ती स्टेप बदलली; कशी, ते मोठ्यांपैकी कुणाला सांगितलं नाही, आणि मावससासूबाईंनीही विचारलं नाही. शुक्रवार पुन्हा सुरू झाले.

इरा आता शिकायला दूरच्या गावी जाईल. मावससासूबाई अजूनही लाल दिव्याला लोकांना सुनावतात, मी गाडी कुठे लावावी आणि पन्नाशीला आल्यावर काय खाऊ नये हे मला रोज सांगतात. पण इराला त्या काहीच सांगत नाहीत. तिच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसतात, "तुला काय वाटतं गं?" म्हणतात आणि उत्तर संपेपर्यंत थांबतात. खोलीच्या बाहेरून मी ते ऐकतो तेव्हा मला माझ्याच लेकीचा थोडा हेवा वाटतो. तिच्या वयात मला तसं कुणी विचारलं नव्हतं, आणि आता कुणी विचारेल असंही वाटत नाही.