जकरिया नबींचे तीन दिवस

"मॅडम, थांबा. हे नाय चालणार."

नासिरभाई खुर्चीतून उठले होते. माझे दोन्ही हात हवेतच राहिले. नाशिकच्या वडाळ्यातल्या त्या हॉलमध्ये मी त्यांना नमुना म्हणून नूह नबींची, म्हणजे नूह पैगंबरांची, गोष्ट करून दाखवत होते, आणि माझ्या मते गोष्ट छान रंगात आली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुम्ही नबींची नक्कल करताय. आपल्यात नबींचं चित्र काढत नाहीत, नाटकात कोणी त्यांचं काम करत नाही. तुम्ही तर दाढीवरून हात फिरवला!"

"अहो, वयस्कर माणूस दाखवायचा तर दाढी नको?"

"नको," नासिरभाई म्हणाले आणि त्यांनी शेजारी बसलेल्या सलीमकडे असं पाहिलं की, बघ, मी म्हणत नव्हतो?

मी साइन लँग्वेज इंटरप्रिटर आहे. बोलणाऱ्याचं बोलणं डेफ माणसांना हातांनी सांगायचं आणि त्यांचं हातांचं बोलणं इतरांना तोंडाने. माझे आईवडील दोघंही डेफ होते, त्यामुळे कळवणच्या आमच्या घरात मी बोलण्याआधी हात हलवायला शिकले. नाशिकला येऊन डेफ शाळेत नोकरी धरली. बाकी वेळात कोर्ट, दवाखाने, पोलीस स्टेशन, लग्नं, सगळीकडे जाते. मशिदीच्या कमिटीकडून बोलावणं मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

ते आलं सलीममुळे. सलीम सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करतो. वय चाळीसच्या पुढे, जन्मापासून डेफ. त्याची आठ वर्षांची मुलगी आफरीन आमच्याच शाळेत आहे, तीही डेफ. त्या वर्षी कमिटीने पाच रविवार सकाळी व्याख्यानं, त्यांच्या भाषेत बयान, ठेवली होती, विषय 'नबी आणि रसूल'. सलीमने नासिरभाईंना, म्हणजे कमिटीच्या सेक्रेटरींना, कागदावर लिहून दिलं: 'मी लहानपणापासून बाजूच्याचं बघून उठतो, बाजूच्याचं बघून बसतो. काय बोलतात ते एकदा कळू द्या.' आपल्यासारख्या तेरा डेफ माणसांची यादी त्याने जोडली होती.

नासिरभाई माणूस वाईट नाहीत, पण भांडणाला घाबरतात. त्यांनी अट घातली. पहिला रविवार ट्रायल. एक जरी तक्रार आली तर डेफ लोकांची रांग बंद. आणि इथे तर ट्रायलच्या चार दिवस आधीच तक्रार आली होती, तीही खुद्द सेक्रेटरींची.

आता अडचण काय होती ते सांगते. तुम्ही बोलताना म्हणता, "सासू म्हणाली, चहा कर." साइनमध्ये असं रटाळ सांगत नाहीत. खांदे जरा वळवायचे, भुवया उंचावायच्या आणि सरळ सासू व्हायचं. मग दुसरीकडे वळून सून व्हायचं. याला रोल शिफ्ट म्हणतात. गोष्ट सांगायची हीच रीत आहे. नूह नबी लोकांना हाका मारतायत आणि लोक हसतायत, हे दाखवायला मी आधी नूह झाले होते आणि मग हसणारे लोक. माझ्या दृष्टीने ते चोख काम होतं. नासिरभाईंच्या दृष्टीने ते भयंकर होतं. आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती. हिंदू घरातली बाई मुसलमानांच्या कार्यक्रमाला जाते आहे, तर आधी चार गोष्टी विचारून घ्यायला नकोत? मी फक्त हॉलमध्ये उजेड किती आहे ते विचारलं होतं.

तेवढ्यात मौलाना आले. व्याख्यानं तेच देणार होते. पन्नाशीचे, चांदवडचे, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "नबी न होता नबींची गोष्ट सांगता येईल तुम्हाला?"

"येईल. पण फिकी होईल."

"फिकी चालेल," ते म्हणाले. "हसणारे लोक मात्र खुशाल व्हा. त्यांना काही हरकत नाही."

नासिरभाईंनाही हसू आलं. मग आम्ही कामाला लागलो.

पुढचा प्रश्न नावांचा. डेफ लोक माणसाला नाव देतात ते दिसण्यावरून. गालावर खळी, कपाळावर व्रण, जे डोळ्यांत भरेल ते. मला शाळेत सगळे चष्मा वर सरकवण्याच्या खुणेने ओळखतात. नबींच्या बाबतीत हे शक्यच नव्हतं. मग मौलानांनी तोड काढली: माणूस नको, त्याच्या गोष्टीतली वस्तू घ्या. नूहसाठी जहाज, मूसासाठी काठी, यूनुससाठी मासा. सलीमला हे इतकं आवडलं की तो एकामागून एक सुचवू लागला. कुराणात पंचवीस नबींची नावं आहेत असं मौलाना म्हणाले. निम्म्यांची जमली, उरलेली बोटांनी एकेक अक्षर करून सांगायची ठरली. प्रत्येक नावामागे 'अलैहिस्सलाम', म्हणजे त्यांच्यावर शांती असो, हेही दरवेळी करायचं. हात दुखणार हे मला तेव्हाच कळलं.

नबी आणि रसूल यांतला फरकही त्यांनी समजावला. नबीला अल्लाहकडून खबर येते. रसूलाला त्याशिवाय वेगळा पैगाम किंवा किताब देऊन लोकांकडे पाठवलं जातं. प्रत्येक रसूल नबी असतो, प्रत्येक नबी रसूल नसतो. मी हे सलीमला सांगितलं. त्याने दोनदा उलट विचारून खात्री करून घेतली. निघताना मी मौलानांकडे भाषणाचा कागद मागितला. ते म्हणाले, "कागद कुठला? मुद्दे डोक्यात आहेत." त्यांनी पाच नबींची नावं दिली आणि मी त्यावर भागवलं.

रविवारी हॉल भरला होता. पुरुष पुढे, मागे पडदा आणि पडद्यापलीकडे बायका. पहिल्या रांगेत डावीकडे आमचे तेरा जण आणि सलीमच्या मांडीला टेकून आफरीन. मी माइकच्या शेजारी एका पाटावर उभी. अशा कामाला दोन इंटरप्रिटर लागतात, वीस मिनिटांनी पाळी बदलायची असते, कारण डोकं आणि हात दोन्ही थकतात. माझी जोडीदारीण मनमाडला तापाने पडली होती. त्यामुळे एकटीच.

पहिली चाळीस मिनिटं सुरळीत गेली. नूहच्या वेळी मी हसणारे लोक झाले, तर आफरीन खुदकन हसली. नूहच्या जागी मी फक्त जहाजाची खूण करायची आणि सरळ उभं राहून सांगायचं, 'त्यांनी लोकांना बोलावलं.' जरा फिकं वाटत होतं, पण पोहोचत होतं. तेरा जणांपैकी एकाचीही नजर माझ्यावरून हलली नाही. नासिरभाई दाराशी हाताची घडी घालून उभे होते.

आणि मग मौलाना यादी सोडून भलतीकडे वळले. वक्ते वळतातच. कुणाची दुआ कशी कबूल होते यावरून ते जकरिया नबींवर आले, आणि मी नाव बोटांनी काढू लागले. जकरिया म्हातारे झाले होते. मूलबाळ नव्हतं. त्यांनी दुआ मागितली आणि खबर आली, तुला मुलगा होईल, त्याचं नाव याह्या. जकरियांनी विचारलं, मला काही निशाणी दे. उत्तर आलं, तुझी निशाणी ही की तीन दिवस तू लोकांशी बोलू शकणार नाहीस.

"खुणांशिवाय," मौलाना म्हणाले. "मग ते मेहराबमधून, म्हणजे प्रार्थनेच्या जागेतून, बाहेर आले आणि लोकांना खुणा करून म्हणाले..."

मी हात खाली घेतले.

इंटरप्रिटरने असं करायचं नसतं. पण खुणा करणारा नबी मी दाखवणार कसा? माझ्या हातांनी खुणा केल्या की त्या जकरियांच्या खुणा होणार. म्हणजे मी जकरिया होणार. चार दिवसांपूर्वी जे करणार नाही म्हणून शब्द दिला तेच. सोडून द्यावं, तर समोर खुणांनीच बोलणारी तेरा माणसं बसलेली. त्यांच्यापासून हेच वाक्य लपवायचं? सलीमने 'काय?' म्हणून हनुवटी उडवली.

"मौलाना, एक मिनिट," मी मोठ्याने म्हणाले.

हॉलमध्ये कुजबुज झाली. नासिरभाई दारातून निघून तरातरा पुढे आले. "मॅडम, चालू बयानात? काय हे!"

"खुणा कोणत्या होत्या?" मी मौलानांना विचारलं. "मला त्या हातांनी कराव्या लागतील. केल्या तर नक्कल होईल. नाही केल्या तर यांना काही कळणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "सोडा ना ते, पुढे चला." नासिरभाईंनीही मान हलवली. पाटावर उभं राहून मी स्वतःच्या हाताने ती रांग बंद पाडत होते.

मौलाना म्हणाले, "सोडायचं नाही. खुणा कोणत्या ते आपल्याला सांगितलेलं नाही. जेवढं सांगितलंय तेवढंच सांगा. त्यांनी खुणांनी सांगितलं, एवढं."

मी सांगितलं. नाव, अक्षर अक्षर. शांती. तीन दिवस, बोलणं नाही. मग लोकांना सांगितलं, आणि इथे दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले. डेफ लोक स्वतःच्या भाषेसाठी हीच खूण करतात. सकाळ-संध्याकाळ अल्लाहची स्तुती करा, असं.

सलीम उभा राहिला आणि त्याने हातांनी विचारलं. डेफ माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज व्हायचं, तेही 'मी' म्हणून, हा आमचा नियम आहे. त्यामुळे भर हॉलमध्ये मला माइकजवळ जाऊन म्हणावं लागलं, "मला एक विचारायचंय. ही बाई तिच्या मनाचं घुसडते आहे का?"

मौलाना हसले. "नाही. कुराणात आहे, दोन ठिकाणी."

सलीमने रांगेकडे वळून बाकीच्यांना ते परत सांगितलं, जणू माझ्यावर अजून पुरता भरवसा नव्हता. मग पुन्हा माझ्याकडे वळला. या वेळी त्याचे हात सावकाश चालत होते.

मी म्हणाले, "त्यांचं बोलणं बंद केलं, ती शिक्षा होती का?"

"नाही," मौलाना म्हणाले. "त्यांनीच निशाणी मागितली होती. ती खुशखबरीची निशाणी होती."

"मी ऐकू शकत नाही. माझी मुलगी ऐकू शकत नाही. माझ्या घरात म्हणतात ही शिक्षा आहे. माझ्या बायकोला म्हणतात. तुम्ही सांगा."

माझा आवाज चिरकला. तो माझा आवाज नव्हता, सलीमचा होता, पण गळा माझाच होता. माझ्या आईला हेच ऐकवलं गेलं होतं, ते तेव्हा आठवायला नको होतं, पण आठवलं.

मौलानांनी माइक जवळ ओढला. "तुमची मुलगी शिक्षा नाही. तुम्हीही नाही. ज्याने म्हटलं असेल त्याने न जाणता म्हटलं असेल, आता जाणून घ्यावं. माइकवर सांगतोय, म्हणजे पडद्यापलीकडेही ऐकू जाईल."

मी ते हातांनी सांगितलं. तेरा जणांनी हात वर करून हलवले. डेफ लोकांच्या टाळ्या अशाच असतात. नासिरभाई जागच्या जागी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून नुसतं "पुढे चला" असं म्हटलं.

कार्यक्रम संपला. सरबताच्या टेबलाशी एक म्हातारी माझ्यापाशी आली. सलीमची आई. आफरीनचा हात तिच्या हातात होता. तिला साइनचं अक्षरही येत नव्हतं. घरात ती आणि सलीम बोटं दाखवून, ताटवाट्या दाखवून भागवत आले होते. सलीम जवळ आल्यावर ती मला म्हणाली, "उसको बोलो, वो मैं ही बोलती थी. बहू को. सजा है, ऐसे. उसको मालूम नहीं होगा, बोल दो."

मला हे नको होतं. पण जे सांगितलं ते पोहोचवायचं, आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही. मी सलीमकडे वळले आणि सांगितलं, 'ते मीच म्हणत होते. शिक्षा आहे, असं. तुला माहीत नसेल.'

सलीमने आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता, तिच्याचकडे बघत हात हलवले. मी ते तिला सांगितलं.

"माहीत आहे. तुझ्या ओठांवरून कळायचं. तुझे ओठ मी लहानपणापासून वाचतो."

म्हातारी मटकन खुर्चीवर बसली. सलीमने तिच्या हातात सरबताचा ग्लास दिला आणि तो आफरीनला घेऊन चपला शोधायला गेला.

तक्रार एक आली, बयान मध्येच थांबवल्याची. नासिरभाईंनी ती माझ्यावर न ढकलता मौलानांवर ढकलली, आणि मौलानांनी मला पुढच्या रविवारचे मुद्दे लिहून पाठवले, चार पानं. रांग पाचही रविवार राहिली. शेवटच्या दोन रविवारी सलीमची आई पडद्याच्या अगदी कडेला बसायची, जिथून माझे हात दिसतात तिथे.

आता कुठलंही काम घेताना मी आयोजकांना दोन गोष्टी आधीच सांगते. भाषणाचा कागद आधी द्या. आणि डेफ माणसासमोर ऐकू येत नाही म्हणून काहीही बोलू नका, त्याला दिसतं.